तबकाखालचं नाव

वॉरकनबील
गुरुवार, ५ फेब्रुवारी १९९८

चि. कार्मेलीस,
अ. आ. (सवयीने लिहिले गेले. या वेळी तू त्यांना पात्र आहेस असा गैरसमज नको.)

मंगळवार, दिनांक ३ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी लोण्याचं भांडं धुवायला घेतलं, पालथं केलं, आणि त्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी दिसली. पट्टीवर निळ्या शाईत तुझं नाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग चहाची किटली पालथी केली. तिथेही तू.

आपल्याकडे म्हाताऱ्या बायका आपल्यामागे कोणती वस्तू कुणी न्यायची ते वस्तूच्या बुडाला नाव चिकटवून ठरवून ठेवतात, हे मला माहीत आहे. आईनेही केलं होतं. पण ज्याची वस्तू तो नाव लिहितो, कार्मेल. जिवंत बहिणीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून राहायचं, तिच्या हातची कोकराची तंगडी खायची, आणि ती मिस्साला गेली की तिच्या भांड्यांवर स्वतःचं नाव डकवायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? आपल्या तरी नाही. अक्षर मात्र आपल्याच शाळेचं आहे. सिस्टर कोलंबाने छडीच्या धाकाने घोटून घेतलेलं, तुझं आणि माझं ओळखू येऊ नये इतकं सारखं.

घरात पसारा आहे. मान्य. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जी वाट उरली आहे ती एका माणसाला पुरते, आणि मी एकच आहे. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून मी साऱ्या जगाच्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवल्या. स्वतःच्या घरात हात उचलत नाही. सकाळी एक खोका उघडते, वरची वस्तू हातात घेते, हिचं काय करायचं ते सुचत नाही, पुन्हा आत टाकते आणि चहा ठेवते. तू याला आळस म्हणतेस. म्हण. पण मी अजून मेलेले नाही.

लेखी माफी हवी. फोन मी ९१ साली काढून टाकला तो याचसाठी, की फोनवर बोललेलं लोक मागाहून नाकारतात.

लोभ आहेच, सध्या कपाटात ठेवला आहे.
डिम्फना गॅरिटी


पोर्टलँड
मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. डिमीस,
सा. न. वि. वि. (वाकवत नाही, म्हणून उभ्यानेच.)

माफी मागते. लेखी. घे.

सात पट्ट्या लावल्या, सातच: लोण्याचं भांडं, किटली, पुडिंगचे दोन वाडगे, पावाचा डबा, साखरेची बरणी आणि लाटणं. पट्टी माझ्या प्रथमोपचाराच्या डब्यातली, कापडी. लाटणं मला नकोय ग, माझ्याकडे तीन आहेत. मला तू खुर्चीतून उठायला हवी होतीस, आणि तुला उठवायला राग सोडून दुसरं काही चालत नाही, हे मी साठ वर्षं पाहत आलेय. पंधरा मिनिटांचा गजर लावून बघ म्हटलं, तर तू गजर खोक्यात टाकलास. रोज एकच खण म्हटलं, तर खणाचा नॉब तुझ्या हातात आला. आता निदान भांडी पालथी तरी केलीस.

एक सुचवते. पंचवीस तारखेला राखेचा बुधवार. दरवर्षी उपवासकाळात तू चॉकलेट सोडतेस आणि चाळीस दिवस सगळ्यांच्या अंगावर येतेस. या वर्षी चॉकलेट खा आणि रोज एक वस्तू सोड. घराबाहेर, कायमची. उरेल ते जूनमध्ये नगरपालिकेचा भंगाराचा ट्रक येईल तेव्हा गवतावर मांडून ठेव.

माझं म्हणशील तर पित्ताशयात खडे आहेत. डॉक्टरांच्या मते ऑपरेशन अगदी किरकोळ, पण मेलबर्नसारखाच इथेही नंबर लागायला वेळ आहे. तोवर लोणी बंद, म्हणजे ते भांडं तूच ठेव. लेक म्हणून जनीन मला औषधं वेळेवर देते आणि माझ्यावर ओरडतेही वेळेवर. चाळिशीची झाली पण सवय गेली नाही.

राग उतरला की दोन ओळी टाक, नाही उतरला तर चार.
तुझी कार्मेल


वॉरकनबील
सोमवार, २ मार्च

चि. कार्मेलीस,
अ. आ.

सात म्हणालीस. मी मोजल्या. एकेचाळीस आहेत.

स्वयंपाकघरातल्या सात तुझ्या, कापडी. बाकी चौतीस बैठकीत, आईच्या खोलीत, मागच्या पडवीत, जिथे गेली दहा वर्षं मीसुद्धा पोचू शकले नव्हते अशा वस्तूंच्या खाली. आणि त्या कापडी नाहीत. तपकिरी कागदाच्या आहेत, मागे डिंक असलेल्या, जिभेने ओल्या करून चिकटवायच्या. पोस्टात आम्ही वापरायचो तशा. त्या बाजारातून जाऊन पंधरा वर्षं झाली. कुठून मिळवल्यास? आणि तळाच्या खोक्यापर्यंत पोचलीस कशी, वरचे बारा जागचे न हलवता? अक्षर तेच, म्हणजे तुझं.

पण आता दुसरं सांगते, आणि हसू नकोस. या पट्ट्यांवर तुझं नाव नाही. गावातली नावं आहेत. पहिल्या दिवशी उपवासकाळाची पहिली वस्तू म्हणून मी फळं टिकवायच्या बरण्या आणि त्यांचं मोठं पातेलं उचललं. खाली नाव हेझल प्रिचर्ड. मागल्या गल्लीतली, रविवारी मान हलवण्यापलीकडे ओळख नाही. म्हटलं बघू तरी, आणि ढकलगाडीत घालून नेलं. हेझल दारात उभी, मागे ओट्यावर दोन बादल्या जर्दाळू, आणि जमिनीवर फुटलेल्या काचा. फळी कोसळून तिच्या सगळ्या बरण्या आदल्या संध्याकाळी फुटल्या होत्या. तिने मला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीने. दुसरं काय सांगणार?

परतताना गाडी रिकामी होती आणि मी चक्क भराभर चालत होते. कार्मेल, मला इतकी वर्षं कळत नव्हतं ते हेच. मला टाकवत नाही, पण पोचवायला येतं. वस्तूवर पत्ता असला की माझे हात आपोआप चालतात. त्या दिवसापासून रोज एक. काल तर तीन. बैठकीतली फरशी दिसायला लागली आहे. हिरवी आहे. मी विसरले होते.

तेव्हा रागावलेली नाही. फक्त कधी आणि कशी लावलीस ते कळव. तारीख आणि वेळ घालून.

तुझ्या गालावर एक चापटी, हलकी.
डिम्फना


पोर्टलँड
सोमवार, ९ मार्च

ती. डिमीस,
स. न. वि. वि.

हिरवी फरशी! जनीनला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की मावशीच्या घराला फरशी आहे हेच तिला नवीन आहे. खूप आनंद झाला ग. आई असती तर तिने तुला खिरीचं पातेलं चाटायला दिलं असतं.

पण त्या चौतीस मी लावल्या नाहीत. देवाशप्पथ. मी स्वयंपाकघराच्या पुढे गेलेच नाही. बैठकीत पाय टाकायला जागा नव्हती, आणि आईच्या खोलीचं दार माझ्या ढुंगणाच्या मानाने फारच कमी उघडत होतं.

आता तू हसू नकोस. वसतिगृहात तू झोपेत चालायचीस. आठवतं? एकदा सकाळी सगळ्या मुलींचे बूट जोडीजोडीने, ज्याच्या त्याच्या पलंगाखाली लागलेले होते, आणि सिस्टर कोलंबाने तुला झोपेत केलेल्या पुण्याबद्दल अर्धी छडी माफ केली. आपलं अक्षर सारखं आहे, म्हणजे ते तुझंही असू शकतं. पोस्टातून निवृत्त होताना असले कागद तू घरी आणले नसतील असं छातीवर हात ठेवून सांग बरं. हेझलच्या बरण्यांचं म्हणशील तर जर्दाळूच्या दिवसांत कुणाकडेही बरण्या नेल्या तरी ती बाई तुला संत समजेल.

झोपेत का होईना, कामाला लागलीस. चालू दे.

इथला वारा आणि माझा पापा.
कार्मेल


वॉरकनबील
मंगळवार, २१ एप्रिल

चि. कार्मेलीस,
अ. आ. ईस्टरचं अंडं मिळालं, जनीनला सांग की मावशीचे दात अजून स्वतःचे आहेत.

झोपेत चालण्याची शंका मी रीतसर तपासली. सलग पाच दिवस निजायच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, भिंतीपासून भिंतीपर्यंत पीठ चाळून ठेवलं. पाचही सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. त्यातल्या तीन सकाळी घरात नवी पट्टी होती. आणि बहुतेक वेळा ती रात्रीतूनही येत नाही. मी मिस्साला किंवा पावाला जाते, परत येते आणि असते. अर्ध्या तासात. पाठ वळवली की.

आता पाळणा. आईच्या खोलीतला लोखंडी पाळणा, ज्यात तू झोपलीस आणि तुझ्या आधी मी. त्याखाली नाव लान. मला कुणी लान माहीत नव्हती. पाळणा तसाच ठेवला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी बेकरीतली होआ बाळंत झाली. पाव आणायला गेले तर तिच्या नवऱ्याने कौतुकाने सांगितलं की मुलगी झाली आणि नाव लान ठेवलं, होआच्या आजीचं. म्हणे होआने ते नाव पोटातल्या पोटात ठेवलं होतं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी काउंटरला धरून उभी राहिले. त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला, त्याने पाणी दिलं. त्याच दुपारी पाळणा नेऊन दिला. होआ रडली. मी पण, थोडीशी, तिच्या दारातून बाहेर पडल्यावर.

पट्ट्या बदलतातसुद्धा. बाबांचं पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं होतं ना, त्यावर शेजारच्या रेज डूलनचं नाव होतं. द्यायचं राहून गेलं. गेल्या शनिवारी पाहिलं तर रेजच्या नावावर दुसरी पट्टी, त्याचा मुलगा नील. रेज त्या वेळी आमच्या कुंपणावर कोपरं टेकून उभा होता आणि ओरडून विचारत होता की डिम, खिडकीतून आज तुझी भिंत दिसतेय, तब्येत बरी आहे ना. मी त्याला सांगितलं की तुझ्या जिभेइतकी ठणठणीत नाही. नील होर्शमला असतो. येईल तेव्हा देईन.

मला भीती वाटते का, असं तू विचारशील. सुरुवातीला वाटली. मग मी विचार केला की मी एकोणसत्तर वर्षांची आहे. कुणीतरी माझी बांधाबांध करतंय, आणि माझ्यापेक्षा नीट करतंय. वस्तू ज्याच्या त्याला जाताहेत. मला हे पटलं आहे. इतकी शांत मी कित्येक वर्षांत नव्हते.

निळं तबक, ज्यात ख्रिसमसची कोंबडी मांडायचो, ते सापडलं. तडा नाही. खाली नाव तुझं. म्हणजे तुझं ते.

पदरातलं उरलेलं प्रेम सोबत.
डिम्फना


पोर्टलँड
सोमवार, ४ मे

ती. डिमीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र जनीनला वाचून दाखवलं नाही. एवढंच सांगते.

तबक मला! अग, त्या तबकासाठी मी नऊ वर्षांची असताना आईशी भांडले होते. पट्टी कुणीही लावलेली असो, त्या माणसाला अक्कल आहे. पण आत्ता आणू नकोस. कोंबडी खायची बंदी आहे आणि रिकाम्या तबकाकडे बघत बसायची माझी तयारी नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली, सोमवार १५ जून. महिनाभराने तबक घेऊन ये, आपण दोघी ते भरून खाऊ.

बाकीच्या पट्ट्या सोलून चुलीत टाक, डिम. घर आता मोकळं झालं आहे, त्यांची गरज संपली. मला ते बाळाचं नाव आवडलं नाही. म्हणजे नाव छान आहे. तुला कळतंय मला काय म्हणायचंय.

मिठी मारते, घट्ट.
कार्मेल


वॉरकनबील
सोमवार, २५ मे

चि. कार्मेलीस,
अ. आ., आणि आज ते मोजून घे.

रेज डूलन गेला. मंगळवार, १२ मे, सकाळी पावणेअकरा. कोबीच्या वाफ्यात वाकला आणि उठलाच नाही. मी माझ्या पडवीतून बघत होते. मला वाटलं शेंगा शोधतोय, नंतर आठवलं की कोबीला शेंगा नसतात.

अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी नील माझ्याजवळ आला. मी त्याला पावसाचं भांडं दिलं. त्याने ते छातीशी धरलं आणि मग माझ्या लक्षात आलं. मी तिथेच खुर्चीत बसले, हातात कपबशी घेऊन, आणि बोटांवर मोजलं. पट्टी बदलली १८ एप्रिलला. रेज गेला १२ मेला. चोवीस दिवस आधी, तो कुंपणावर टेकून हसत असताना, कुणीतरी ठरवलं होतं की भांडं घ्यायला रेज नसणार.

म्हणजे त्या नुसत्या वाटण्या नाहीत. वस्तू घरातून निघेल त्या दिवशी ती घ्यायला जो उरलेला असेल, त्याचं नाव येतं.

घरी आल्याआल्या मी सगळ्या उरलेल्या वस्तू पालथ्या केल्या. कोट अंगात तसाच होता. तबकाखाली तुझंच नाव आहे. रोज पाहते. आजही आहे. तरी मला तुझं ते ऑपरेशन नको वाटतं. पुढे ढकल. पथ्य पाळ, उकडलेलं खा, ऑक्टोबरमध्ये कर. मी तुला आजवर काही मागितलेलं नाही, त्या लाल स्वेटरशिवाय.

दिवसातून दोनदा तुझं नाव वाचणारी,
डिम्फना


पोर्टलँड
सोमवार, १ जून

ती. डिमीस,
स. न. वि. वि.

नाही.

रेज चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि शाळेत असल्यापासून विड्या ओढायचा. त्याचं मला वाईट वाटलं, खरंच. पण मी सहासष्ट वर्षांची आहे आणि चौदा महिने या तारखेची वाट बघितली. तुला ठाऊक नाही, कारण मी लिहिलं नव्हतं, की दुखायला लागलं की मी न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडून राहते. मला ते संपवायचं आहे. डॉक्टर म्हणाले, पोटाला चार भोकं पाडतात आणि तिसऱ्या दिवशी घरी. जनीनने रजा काढली आहे.

माझ्या पट्ट्यांमुळे हे सगळं सुरू झालं असं मला मधूनमधून वाटतं, आणि मग माझाच राग येतो. तुला उठवायला गेले आणि काय उठवलं कुणास ठाऊक. पण तू एकटी त्या रिकाम्या घरात बसून भांड्यांची बुडं वाचतेस, हे मला माझ्या खड्यांपेक्षा जास्त सलतं. पसाऱ्यात होतीस तेव्हा निदान कुणीतरी शेजारी बसल्यासारखं होतं. बस पकड आणि इथे ये. माझ्या उशाशी बस आणि मला भरपूर टोमणे मार. मला त्याने बरं वाटतं.

यावर वाद नको. सगळं प्रेम, वाद वजा करून.
कार्मेल


वॉरकनबील
मंगळवार, ९ जून, सकाळी सव्वाआठ

चि. कार्मेलीस,

आशीर्वाद. आज संक्षेपात लिहीत नाही. अनेक, अनेक आशीर्वाद.

रविवार, दिनांक ७ जून, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी मिस्साहून परत आले आणि तबक पालथं केलं. तुझ्या नावावर दुसरी पट्टी होती. जनीन. मी बोट लावलं. डिंक ओला होता.

मी किटलीच्या वाफेवर ती पट्टी सोडवली. खाली तुझी होती, तशीच. वरची चुलीत टाकली, माझ्याकडच्या कागदावर स्वतःच्या हाताने कार्मेल लिहिलं, त्यामागे खळ लावली आणि जुन्या नावावर नवं चिकटवलं. काल सोमवारी राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, पोस्ट बंद, म्हणून पत्र निघू शकलं नाही. मी फक्त कुंपणाजवळची दुधाची बाटली आणायला गेले. अकरा पावलं जायला, अकरा यायला. परत आले तर जनीन. पुन्हा ओलं.

तेव्हापासून मी तबक नजरेआड होऊ दिलेलं नाही, रात्रीही डोळा लावला नाही. तिसऱ्यांदा तुझं नाव लिहून लावलं आहे आणि तबक मांडीवर पालथं घेऊन बसले आहे. एक गोष्ट लक्षात आली. मी बघत असते तोवर तुझं नाव टिकतं. म्हणून बसने येत नाही. गाडीत मला डुलकी लागते हे तुला माहीत आहे, आणि मी तबकावरून नजर हलवणार नाही. हे पत्रसुद्धा एका डोळ्याने लिहिते आहे, अक्षराबद्दल सिस्टर कोलंबा मला माफ करो.

घर मी परत भरलं. उद्या भंगाराचा ट्रक येणार म्हणून गवतावर मांडलेलं सगळं, खुर्च्या, खोके, बाबांची मासिकं, काल हेझलला हाका मारून तिच्याकरवी आत आणवलं. मी तबक नाव दिसेल असं छातीशी धरून दारात उभी राहून कुठे काय ठेवायचं ते सांगत होते. गवतावर ठेवलेली वस्तू जो उचलेल त्याची, ती परत घेत नाहीत, आपली असली तरी, हे मला कळतं. त्यातलं हवं ते उचलायला ट्रेलर लावून तिष्ठत बसलेल्या दोघांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण घर रिकामं व्हायला आलं की हिशेब पुरा होतो, असं मला वाटतं. मग पुरा होऊ द्यायचा नाही. वाट पुन्हा एका माणसाची झाली आहे. हिरवी फरशी झाकली. तुझ्या फायद्याचं असेल तर मी पुढची वीस वर्षं या घरात खोक्यांवरून चढून जाईन.

हेझलने काल तिच्या घरून पोर्टलँडला फोनही लावला. जनीन म्हणाली की आई झोपली आहे, मावशीला सांगा काळजी करू नका. जनीन चांगली मुलगी आहे. पण सध्या त्या पोरीच्या तोंडून काहीही ऐकायची माझी इच्छा नाही. तिचा काही दोष नाही. हे मी लिहिलं ते तिला सांगू नकोस.

न्हाणीघराच्या फरशीचं तू मला आधी का लिहिलं नाहीस? चौदा महिने तू तिथे गाल टेकून पडत होतीस आणि मी तुला लाटण्यावरून पत्रं लिहीत होते. हेही मी तुझ्यावर रागावून ठेवलं आहे. ऑपरेशन हवंच असेल तर दुसरं हॉस्पिटल बघ, दुसरा दिवस बघ, मेलबर्नला जा, मी माझं घर आतल्या भंगारासकट विकून तुला नेते. फक्त हा सोमवार नको. मी म्हणत होते ना की ही माझीच बांधाबांध आहे. माझीच असायला हवी होती. मी मोठी आहे. रांगेत पुढे मी आहे. कुणी आणि कुठल्या अधिकाराने तुला पुढे घातलं, याचा मी कडक निषेध करते, पण तो कुठे पाठवायचा तो पत्ता मला सापडत नाही.

म्हणून तुलाच लिहिते. हे पत्र हेझल आत्ता पोस्टात टाकेल, तुला गुरुवारी सकाळी मिळेल. तुझं उत्तर शुक्रवार, दिनांक १२ जून, सायंकाळी पाच वाजायच्या आत पोर्टलँडच्या पोस्टात पडलं पाहिजे. खिडकीवर दे, पेटीत टाकू नकोस, शिक्का तुझ्यासमोर मारून घे. शिक्क्यावरची वेळ मी वाचणार आहे. उत्तर तुझ्या हातचं हवं, जनीनने लिहिलेलं नको, टाइप केलेलं नको. त्यात एवढंच हवं की १५ तारीख रद्द केली. ते लिहायचं नसेल तर मला शिव्या दे, मी मूर्ख आहे असं लिही, चार पानं लिही. पण वर तारीख घाल, वेळ घाल, आणि खाली सही कर.

शुक्रवारी पाचपर्यंत. त्यानंतर काय करीन ते लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही.

मांडीवर तुझं नाव घेऊन बसलेली,
तुझी बहीण
डिम्फना